रखमाच्या गव्हावर

दळण आणायला कोणी ऑटोनं जातं का, असं सूनबाईनं मला विचारलं. विचारणारच बिचारी. प्रतापनगरात आमच्या घराच्या कोपऱ्यावर चक्की आहे, आणि तिथेही आता कोणी फारसं फिरकत नाही. ती स्वतः परवा दुकानातून पिठाची चकचकीत पिशवी घेऊन आली. वर मोठ्या अक्षरांत 'मल्टिग्रेन'. गहू, ज्वारी, हरभरा, मका, जवस, सगळं एकत्र दळलेलं. "आई, तब्येतीला फार चांगलं असतं म्हणे," ती म्हणाली. मी चष्मा लावून पिशवी वाचत वाचत जवसापाशी आले आणि मला असं हसू फुटलं की बाई गं! डोळ्यांतून पाणी आलं. सून घाबरून तांब्या घेऊन धावली. तिला काय सांगणार? जी चूक करून आमच्या वस्तीनं पहिल्याच दिवशी आपली चक्की बंद पाडली होती, ती चूक आता पिशवीत भरून महाग विकतात.

दुसऱ्या दिवशी मी मायचा पितळी डबा काढला, गहू निवडले, ऑटो बोलावला आणि रेल्वे लाइनच्या पलीकडे, आमच्या जुन्या वस्तीकडे निघाले. डबा मांडीवर धरला होता. ऑटोवाल्याला वाटलं लेकीकडे लाडू घेऊन चालल्या आजी.

वस्तीच्या तोंडाशी उतरले तर काही म्हणता काही ओळखू येईना. कुडाच्या भिंती गेल्या, छपरांवरचे कवेलू गेले. दोन-दोन मजली घरं, गच्चीवर टाक्या, दारात गाड्या. विहाराला संगमरवरी पायऱ्या. निंबाचं झाड तेवढं जागेवर होतं, त्याला मात्र कोणी चौथरा बांधून बसतं केलं होतं. मी डबा कडेवर घेऊन उभी, आणि तेवढ्यात वास आला. गरम पिठाचा वास. ज्यानं तो घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. थोडा भाजल्यासारखा, थोडा उन्हातल्या गोधडीसारखा, आणि तळाशी दगडाचा. मागोमाग पट्ट्याचा फटफट आवाज. पायांना रस्ता आपोआप कळला.

मी लहान होते तेव्हा आमच्या घरात पहाट व्हायची ती जात्यावर. अंथरुणात पडल्या पडल्या घरघर ऐकू यायची आणि मायची बांगडी खुंट्यावर किणकिणायची. मग कधीतरी बाजाराच्या रस्त्यावर महादेवरावाची विजेची चक्की सुरू झाली, आणि वस्तीतली जाती एकेक करून खाटेखाली गेली. पुरुषांना ही गोष्ट फारशी कळली नाही. बायकांना मात्र अख्खी सकाळ हाती आली. माय त्या वेळात विहारातल्या वर्गाला जाऊ लागली. तिच्या तळहातावरचे घट्टे हळूहळू मऊ झाले आणि बोटांना खडू लागला. गिरजामावशी, आमची शेजारीण, तीही जायची. दोघी घरी येताना वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचत यायच्या, आणि मी लाजेनं मागे राहायची. छप्पन साली माय पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेली होती, पोटाशी मी होते. त्या दिवसाबद्दल ती फार बोलत नसे. "आता मागं उभं राहाचं नाई, एवढं ठरवून आलो आम्ही," एवढंच म्हणायची.

चक्कीवर एक रीत असते, ती आजच्या पोरींना सांगावी लागेल. एकाचं दळण झालं की दगडांत थोडं पीठ उरतं, आणि ते पुढच्याच्या पिठात येतं. त्याला इलाज नाही. म्हणून गव्हावर गहू टाकतात, ज्वारीवर ज्वारी, आणि हरभऱ्याची दाळ सगळ्यांच्या शेवटी. ज्वारीवर गहू पडला की पोळी लाटताना फाटते. म्हणून डबा ठेवला की चक्कीवाला विचारतो, काय आहे, आणि कोणावर टाकू. साधा प्रश्न आहे. मीठ आहे का घरात, इतका साधा.

एका पौषात माझ्या मोठ्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकर. गहू म्हणजे सणावाराला. मायनं गहू आणले, धुतले, वाळवले, आणि मला घेऊन महादेवरावाच्या चक्कीवर गेली. डबा रांगेत ठेवला. आमच्या मागे वकीलीणबाईंचा डबा होता. रस्त्यापलीकडच्या जुन्या आळीतल्या त्या, पोथी वाचणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या, चांगल्या बाई. आमचा नंबर आला तसा महादेवरावानं मायचा डबा उचलला आणि कोपऱ्यात, पार शेवटी नेऊन ठेवला.

"काहून जी?" मायनं विचारलं.

"ज्वारीवर गहू टाकता येत नाही ना बाई."

"माह्या डब्यात गहूच हाय." मायनं झाकण उघडून दाखवलं.

महादेवराव पट्ट्याकडे पाहू लागला. वकीलीणबाईच मग हळूच बोलल्या, "माझं यांच्यावर नको हो टाकू, महादेवराव. घरी सासूबाईंचं सोवळं असतं. यांचं आपलं शेवटी होऊ दे." अगदी गोड आवाजात बोलल्या. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. रोज असंच होत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. वस्तीतल्या बायकांचे डबे ज्वारीच्या नावाखाली मागे सरकत होते, आणि कधी चुकून एखादा आधी गेलाच तर महादेवराव मूठभर दाणे दगडांतून काढून ते पीठ बाहेर फेकत होता. दगड धुऊन घेतल्यासारखं.

मायनं झाकण लावलं. डबा डोक्यावर घेतला. "चाल वं," मला म्हणाली. घरी आल्यावर तिनं खाटेखालचं जातं ओढून बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं, आणि पाहुण्यांच्या पोळ्यांचा गहू त्यावर दळला. पाहुण्यांनी बहीण पसंत केली. पोळ्या मऊ झाल्या होत्या असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वस्तीतून एकही डबा चक्कीवर गेला नाही. कोणी सभा घेतली नव्हती. गोष्ट एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर गेली आणि खाटांखालून जाती बाहेर आली, एवढंच. ही खबर महादेवरावाकडे पोचली तेव्हा तो हसला म्हणे. "किती दिवस दळतील? हात दुखले की येतील डबे घेऊन, आणि गुपचूप मागं उभ्या राहतील." हे वाक्य कोणीतरी आणून मायला सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरी काळजी उरलीच नाही. बहिणीचं लग्न, बाबांची मिलमधली पाळी, माझी शाळा, सगळं बाजूला. परत जाऊन मागे उभं राहायचं की नाही, एवढी एकच गोष्ट.

तो हिवाळा माझ्या कानात आहे. पहाटे उठावं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी वस्ती घरघरत असायची. ज्वारीच्या पिठाचा गार वास, चुलींचा धूर, दुरून मिलचा भोंगा. आणि ओव्या. जुन्या ओव्या तर होत्याच, पण गिरजामावशीच्या जिभेला हाड नव्हतं. तिनं नवीन केली:

चक्कीवाल्या दादा, तुही चक्की लखलाभ तुले,
माह्या जात्याचा हा खुंटा पुरे माह्या मनगटाले!

दुसऱ्या घरातून कोणी पुढची ओळ जोडायची, तिसरीकडून हसण्याचा आवाज. मी अंथरुणात तोंड दाबून हसायची. आता वाटतं, तेवढी हसरी पहाट पुढे मला कुठे भेटली नाही.

पण जातं ते जातंच. माघ सरता सरता हात बोलू लागले. विहारातला वर्ग ओस पडला. पाटी भिंतीला टेकलेली, खडू तसाच. मायच्या हाताचे घट्टे परत आले, मग फोड आले, मग फोड फुटले. ती हळद-तेल लावून चिंधी बांधायची आणि पुन्हा खुंटा धरायची. रखमा नावाची तरणी पोर समोरच्या घरात राहायची, तिला दिवस गेले होते. तिला जात्याला हात लावू द्यायचा नाही असं ठरलं, म्हणून तिचंही दळण माय घेऊ लागली.

एका दुपारी मी आणि माय विहिरीवरून येत होतो, तर नाल्याजवळ गिरजामावशी दिसली. पदराखाली डबा.

"कुठं चालली वं गिरजा?"

"कुठं नाई."

"अन् डबा?"

गिरजामावशी तिथेच मातीत बसली. ज्या बाईनं अख्ख्या वस्तीला हसवलं ती ढसाढसा रडू लागली. "हात वर होत नाई वं शांता. खांदा धरला. पोरं कालपासून कण्या खाऊन राहिले. मागं तं मागं, उभी राहीन मी. माह्यानं नाई होत."

मला वाटलं, माय आता चांगली खडसावणार. माय तर तिच्याजवळ बसली. "त्याले हेच पाहाचं हाय ना वं," ती म्हणाली. "तू एकटी गेली म्हणजे आपण साऱ्या गेलो." मग तिनं डबा उचलून आपल्या कडेवर घेतला. "माह्या घरी दळून ठेवतो. संध्याकाळी ने."

आता तीन घरांचं दळण एका खुंट्यावर. त्या संध्याकाळी बाबा मिलमधून आले, हातपाय धुतले, चहा प्याले, आणि मायच्या समोर मांडी घालून बसले. खुंटा धरला. माय म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही? लोक हसतील." बाबा म्हणाले, "दिवसभर मशीनवर उभा राहतो मी, तं हे बी मशीनच हाय." शेजारचे दोघे-तिघे दारातून डोकावले आणि खरंच हसले. ओवी काही बाबांना येईना. ते आपले मिलच्या भोंग्यासारखा आवाज काढायचे, भोंऽऽऽ, आणि माय हसून हसून खुंटा सोडून द्यायची. आठवडा गेला नाही तर हसणाऱ्यांच्याही घरात पुरुष जात्यावर बसले. वस्तीत याआधी असं कधी कोणी पाहिलं नव्हतं.

मायचा भाऊ, आमचा वामनमामा, विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्यानंच एक दिवस विषय काढला. बंद पडलेल्या तेलघाण्याची मोटार पडून आहे म्हणाला. आणि कुहीकडे, मायच्या माहेराजवळच्या एका गावात, चक्कीचे दगड आहेत, चक्की मात्र उठली. पैसे कसे उभे राहिले ते मी सांगणार नाही. ज्या बायकांनी ते पदराच्या गाठीतून सोडले त्यांनी पुढे कधी त्याचा उच्चार केला नाही, तर मी कोण करणार? दगड बैलगाडीतून आले, भाताच्या तणसात गुंडाळलेले, नवरीसारखे. विहाराच्या मागची खोली ठरली. पाथरवट छिन्नीनं दगडांना टाकी लावायला बसला तेव्हा दगडाच्या ठिणग्या पाहायला सगळी पोरं जमली. मोटार मामानं खोलून तिच्या तांब्याच्या तारा पोटातून बाहेर काढल्या. एवढ्याशा तारांत तीन बायकांचे हात कसे मावतात, हे मला काही केल्या कळेना. पुढे मी मुलींत एकटी पॉलिटेक्निकला विजेचं शिकायला गेले, त्याचं मूळ त्या खोलीतच आहे.

फक्त वीज यायची राहिली होती. 'आज जोडतो, उद्या जोडतो' करत होळी गेली, मोहाची फुलं पडून गेली, ऊन चढलं. संत्र्याच्या साली वाळून कडक झाल्या. माय चक्कीच्या खोलीचं कुलूप रोज काढायची, दगडावरची धूळ पुसायची, परत लावायची, आणि घरी येऊन जातं ओढायची. महादेवराव रस्त्यानं जाताना मुद्दाम विचारायचा, "काय शांताबाई, फिरली का तुमची चक्की?" माय म्हणायची, "फिरन जी. आमचे हात फिरून राहिलेच हायेत तवर."

आणि वैशाखात, पौर्णिमेला दोन दिवस असताना, लाइनमन खांबावर चढला. खाली अख्खी वस्ती मान वर करून उभी होती. त्यानं खाली पाहिलं आणि म्हणाला, "अहो, सरका! माझ्या अंगावर सगळ्यांची नजर लागून राहिली." तार जोडली. मामानं खोलीतला दिवा लावून पाहिला. भरदुपारी पिवळा दिवा लागला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पौर्णिमेच्या सकाळी चक्की सुरू करायची ठरली. विहारात खिरीचं मोठं पातेलं चढलेलं. बाया धुतलेली लुगडी नेसून डबे घेऊन आल्या. आणि मग अडलं. पहिलं दळण कोणाचं? माय म्हणाली गिरजाचं. गिरजामावशी म्हणाली रखमाचं. रखमा, सात महिन्यांचं पोट सावरत, म्हणाली, "माह्यं शेवटी टाका नं मावशी." शेवटी हा शब्द सगळ्यांना बोचला. शेवटी कोणीच नाही राहायचं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. मग कोणीतरी बोललं, "सगळ्यायचं एकाच वक्ती टाका! ना कोणी पहिलं, ना कोणी शेवटी." झालं! अख्ख्या खोलीला ते पटलं. मामा ओरडत होता, "अवं बायांनो, असं नसते करत!" पण त्या दिवशी मामाचं कोण ऐकतं? प्रत्येकीनं आपल्या घरची ओंजळ वरच्या पत्र्याच्या तोंडात टाकली. गहू, ज्वारी, तांदूळ, हरभरा, लाखोळी दाळ. गिरजामावशीच्या घरी त्या दिवशी जवसाशिवाय दाणा नव्हता. तिनं जवस टाकलं, तेही भरघोस, मोठ्या मनानं.

मामानं खटका ओढला. दगड फिरले. पहिलं पीठ कापडाच्या बाहीतून भुरभुर खाली आलं तेव्हा मायनं दोन्ही हात पुढे करून ते झेललं आणि डोळ्यांना लावलं. बाया रडत होत्या, हसत होत्या. आणि मग आवाज बदलला. घर्र, घुर्र, घूंऽऽ. जवसाचं तेल सुटलं, दगडांत लगदा बसला, करपल्याचा वास आला, पट्टा फाटकन निसटून भिंतीवर आदळला. चक्की बंद.

दारात महादेवराव उभा होता, पाहायलाच आला असावा. "जवस टाकलं?" तो म्हणाला आणि पोट धरून हसला. "चक्कीत जवस! या, या परत. डबे शेवटी ठेवून देतो."

गिरजामावशीचा चेहरा राखेसारखा झाला. माय उठली. तिच्या केसांवर, भुवयांवर पीठ होतं. ती महादेवरावाकडे गेली आणि म्हणाली, "थांबा जी. आमची पहिली भाकर खाऊन जा."

मामानं दगड उचलले, बायकांनी विळ्या-खुरप्यांनी लगदा खरडून काढला, कोंडा घालून दगड साफ केले, आणि संध्याकाळपर्यंत चक्की पुन्हा लागली. मधल्या वेळात मायनं त्या मिसळलेल्या पिठाच्या भाकरी थापल्या. नव्या टाकीच्या दगडाची कच त्यात होती, दाताखाली करकर वाजायची. तेलकट, तपकिरी, जाड भाकर, वर लसणाची चटणी. अख्ख्या वस्तीनं करकर खाल्ली आणि एकानंही थुंकलं नाही. महादेवराव थांबला नव्हता. त्याच्या वाटणीची भाकर मी खाल्ली.

मग आमच्या चक्कीचे दिवस सुरू झाले. पावसाळ्यात पीठ ओलसर यायचं आणि पोरं दारात गुंडाळी मारून बसायची, कारण खोली उबदार असायची. दिवाळीत हरभऱ्याच्या दाळीचा वास गल्लीभर. थंडीत नवीन ज्वारीचा गोडसर वास. तुरी निघाल्या की तुरीच्या दाळीचा. माय चक्कीवर बसायची. डब्यावर खडूनं नंबर घालायची, आणि नंबर लावताना तिची मान किंचित ताठ व्हायची. विहारातला वर्ग पुन्हा भरू लागला. रखमाला मुलगी झाली. तिला चक्कीच्या घरघरीशिवाय झोप यायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नसराई ऐन भरात. रस्ते दुपारी रिकामे, डांबर पायाला चिकटतंय असं ऊन. बातमी आली की महादेवरावाची मोटार जळली, आठ-पंधरा दिवस चक्की बंद. आम्हाला आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? गिरजामावशीनं तर लगेच ओवी जोडायला घेतली होती. तेवढ्यात दारात सायकलरिक्षा थांबली, आणि डब्यांच्या मधे बसलेल्या वकीलीणबाई खाली उतरल्या. घरी मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

चक्कीवर सात-आठ बाया बसल्या होत्या. गिरजामावशीनं मायला कोपरानं ढोसलं. ठेव म्हणावं आता शेवटी, हे तिच्या डोळ्यांत लिहिलेलं मला वाचता येत होतं. खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. किती वेळा स्वप्नात मी तो डबा उचलून कोपऱ्यात ठेवला होता!

मायनं खडू घेतला, वकीलीणबाईंच्या डब्यावर नंबर घातला, आणि रांगेत जिथे यायला हवा तिथेच ठेवला.

"काय हाय जी?" तिनं विचारलं.

"गहू."

"आता गिरजाची ज्वारी चालू हाय. ज्वारीवर टाकला तं पोळी फाटन, लग्नाचं घर हाय तुमचं. तिच्या मागं रखमाचा गहू हाय, त्याच्यामागं तुमचा नंबर." माय थांबली. कपाळावरचं पीठ पुसलं. "रखमाच्या गव्हावर टाकू काय?"

चक्कीवर रोज शंभरदा विचारायचा तो साधा प्रश्न. रखमा पोर कडेवर घेऊन भिंतीशी उभी होती, खाली पाहत. वकीलीणबाईंनी पदर नीट केला. ओठ हलले.

"आं?" माय म्हणाली. "मोटारीचा आवाज फार हाय जी. आयकू नाई आलं."

वकीलीणबाईंचा चेहरा उन्हानं लाल झालेला, तो आणखी लाल झाला. मग त्यांनी मान वर केली आणि मोठ्यानं, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "रखमाच्या गव्हावर टाका म्हटलं!"

अख्ख्या चक्कीनं ऐकलं. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं ऐकलं. रखमानं मान वर करून पाहिलं. माय फक्त "बरं" म्हणाली आणि ज्वारीच्या पिठाखालचा डबा बदलायला वाकली. गिरजामावशीनं आपलं स्टूल पुढे सरकवलं, "बसा जी, वेळ लागन." वकीलीणबाई बसल्या. रखमाचा गहू झाला, त्याच्यावर त्यांचा पडला. मूठभर दाणे काढून फेका असं त्या म्हणाल्या नाहीत. पीठ हाताला गरम लागलं तशा एकदम म्हणाल्या, "छान बारीक दळता हो तुम्ही." लग्नाचं सगळं दळण मग आमच्याकडेच झालं. महादेवरावाची मोटार दुरुस्त झाली, तरी त्यांचा डबा काही परत गेला नाही. एकामागून एक त्या आळीतले बाकीचेही आले.

मायला त्या दिवशी खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, हे मी तिला म्हातारपणी पुष्कळदा विचारलं. ती म्हणायची, "मोटारीचा आवाज फार होता वं." आणि तोंडाला पदर लावून हसायची.

तर मी डबा कडेवर घेऊन चक्कीच्या दारात उभी राहिले. तीच खोली, तेच छत, मोटार नवी. भिंतीवर पैसे भरायचं ते काळं-पांढरं चौकोनी चित्र चिकटवलेलं. रांगेत मोजके डबे. चक्कीवर रखमाची नात बसलेली, जीन्स घातलेली, केसांवर पीठ, एका कानात मोबाइलचा आवाज. दर वैशाखी पौर्णिमेला अजून पहिलं दळण मिसळीचं करतात म्हणाली. "फक्त जवस भाजून अन् थोडंसंच टाकतो आजी. एकदा म्हणे लय मोठा घोळ झाला होता." मी म्हटलं, हो, ऐकलंय मी. माझ्या पुढच्या दोन डब्यांवर कोणाची नावं नव्हती, खडूचे नंबर होते. डबे कोणाचे, कोणत्या आळीचे, मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

तिनं माझा पितळी डबा रांगेत ठेवला, त्यावर नंबर घातला.

"काय हाय आजी?"

"गहू."

"आता ज्वारी चालू हाय. मागं दोघायचे गहू हायेत. कोणावर टाकू?"

मोटारीचा आवाज फार होता. म्हणून मी मान वर केली आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, "कोणावरही टाक!"